गौरीचा तेरडा विकत आणला, त्याची गोष्ट



गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या आषाढात, फुलांची सजावट करणारी एक ताई आमच्या बदलापूर गावातल्या शेतावर आली. तिची मागणी जरा वेगळी होती. म्हणाली, "दादा, गणपतीच्या चार घरांचं काम घेतलंय. त्यात बाहेरचं एक फूल घालायचं नाही. तुमच्या बांधावर तेरडा, कुरडू, कळलावी असेल ना?" मी छाती पुढे काढून म्हटलं, "ताई, भादव्यात या. टेम्पो भरून न्या. आमच्याकडे तेरडा काय लावायला लागतो का?"

गणपती २७ ऑगस्टला होते. आदल्या रविवारी ताईला घेऊन बांधावर गेलो. भात छान होतं, बांध मात्र उघडा. हरळी होती, थोडा टाकळा होता. तेरड्याची मोजून सहा-सात रोपं, ती पण पलीकडच्या शेजाऱ्याच्या हद्दीत. ताई काही बोलली नाही. मीच खाली बघत उभा.

कारण मला ठाऊक होतं. बेणणीला माणसं मिळत नाहीत म्हणून दोन पावसाळे मी बांधावर तणनाशक मारत होतो, ते पण तेरडा फुलायच्या आधी. तेरडा वर्षायू. फूल नाही तर बोंड नाही, बोंड नाही तर पुढच्या वर्षी रोप नाही. ताईचं काम अडलं ते एक. पण ३१ ऑगस्टला आमच्या घरच्या गौरीसाठी मी कल्याणच्या बाजारातून तेरड्याची जुडी विकत आणली. आईने ती हातात घेतली, मुळांची माती झटकली आणि एवढंच विचारलं, "ही कुणाच्या बांधावरची?"

तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे. आपल्या भागातलं फूल बाजाराला कधीपासून जातं, ते मागे का पडलं आणि आता शहरातली माणसं ते परत का मागायला लागली, याची जमेल तशी जुळणी केली. ती इथे मांडतो.

सकाळच्या चालीचं अंतर

आमच्याकडून मुंबईच्या दिशेला पुढचं स्टेशन अंबरनाथ. तिथल्या शिवमंदिरात शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा शिलाहारकालीन शिलालेख आहे. देऊळ आलं म्हणजे रोजची पूजा आली, आणि पूजा आली म्हणजे बेल-फूल आलं. ताजं फूल टिकतं किती? मोगरा दिवसभर, सोनटक्का तर तेवढाही नाही. म्हणजे पहाटे तोडून चालत जाता येईल तेवढ्याच टापूतलं फूल देवाला जाणार. आज ज्याला स्थानिक फूल म्हणतात, त्याला तेव्हा दुसरा इलाजच नव्हता. महाशिवरात्रीला अजूनही तिथे बेल, धोतरा आणि पांढऱ्या फुलांच्या पाट्या दिसतात. हे काही मळ्यात पिकवलेलं नसतं, आसपासच्या माळावरचं असतं.

आपली जुनी पूजा बघा, ती हंगामाप्रमाणेच बेतलेली आहे. श्रावणात जिवतीला आघाडा-दुर्वांची माळ. हरतालिकेला आणि गणपतीला पत्री. दसऱ्याला आपटा आणि तोरणात भाताच्या लोंब्या. शिमग्याच्या सुमाराला पळस. त्या त्या महिन्यात जे रानात असतं, तेच त्या सणाला.

कृषी सहाय्यक आणि शास्त्रज्ञ मंडळी हे पान वाचतात, त्यांच्यासाठी एक गंमत सांगतो. पत्रीतली नावं काढा: आघाडा, माका, डोरली, रुई, धोतरा. आता तणांच्या पुस्तकातली यादी काढा. निम्मी नावं तीच. माका तर आपल्या भातखाचरातलं नेहमीचं तण. कुरडू वरकस जमिनीतलं तण, पण कोवळं असताना त्याची भाजी होते आणि दसऱ्याच्या सुमाराला त्याचा गुलाबी-पांढरा तुरा येतो. आपण ज्याच्यावर फवारा मारतो, तेच दोन महिन्यांनी बाजारात जुडीने विकत घेतो. यात मी पण आलो.

तेरड्याचं तर विशेष आहे. आपल्या भागात बऱ्याच घरांत गौर म्हणजे तेरड्याचं रोप, तेही मुळांसकट. मुळं म्हणजे गौरीची पावलं. याला शेतीच्या अंगाने पण अर्थ आहे. तेरड्याचं खोड पाणीदार. कापून आणलं तर तासाभरात मान टाकतं. मुळासकट उपटून ओल्या गोणपाटात गुंडाळलं तर दुसऱ्या दिवशीपर्यंत उभं राहतं, असा माझा अनुभव. पण उपटलेलं रोप बी धरत नाही. म्हणून आमची आजी बांधाच्या एका टोकाचा तेरडा कधीच कुणाला उपटू द्यायची नाही. आम्हाला वाटायचं म्हातारी चिकट आहे. आता कळतं की ते टोक म्हणजे तिची बियाण्याची कणगी होती.

परदेशातून आलेला घरचा झेंडू

ताई म्हणाली होती, बाहेरचं फूल नको. पण बाहेरचं म्हणजे काय?

झेंडू मूळचा मेक्सिकोचा. पोर्तुगीजांनी अमेरिका खंडातल्या कितीतरी वनस्पती इकडे आणल्या, मिरची, काजू, अननस, पेरू. झेंडूही त्या काळातलाच पाहुणा मानला जातो. मेक्सिकोत नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत लोक आपल्या गेलेल्या माणसांची आठवण करतात, आणि त्यासाठी घर व स्मशान झेंडूने सजवतात. इंग्रजीत याला आफ्रिकन म्हणतात, त्याचा आफ्रिकेशी काही संबंध नाही. निशिगंध पण मेक्सिकोचाच. देवळापुढचा देवचाफा, परसातली गुलबाक्षी, दोन्ही अमेरिकेकडचे. शेवंती आणि अॅस्टर चीनकडचे.

म्हणजे जातकुळी शोधायला गेलात तर दसऱ्याचं तोरण अर्धं परदेशी निघेल. तरी झेंडू आपला झाला, कारण तो आपल्या हंगामात बसला आणि आपल्या माणसांच्या हातातून गेला. आज माझ्या लेखी स्थानिक फूल म्हणजे इथल्या मातीत, इथल्या पावसावर, त्याच्या वेळेला आलेलं, आणि ज्याचा पैसा इथल्या घरात आला असं फूल. वनस्पतीचा जन्मदाखला मागायची गरज नाही.

गाडीने अंतर वाढवलं

१८५४ मध्ये रेल्वे कल्याणला पोचली आणि १८५६ मध्ये आपल्या बाजूने पुढे खोपोलीपर्यंत गेली. घोडे बदलायचं ठिकाण म्हणून बदलापूर, असं जुनी माणसं सांगतात. रेल्वे आली आणि फुलांचं गणित बदललं. आता फूल पायाने जात नव्हतं. बदलापूर ते मुंबई सीएसएमटी साधारण ६८ किलोमीटर. पहाटेची गाडी पकडली तर उजाडायच्या आत पाटी दादरला.

आमची आजी सणाच्या आदल्या दिवशी दोन पाट्या घेऊन जायची. एकीत पत्री आणि आघाडा, दुसरीत तेरडा आणि सोनटक्क्याच्या कळ्या. सोनटक्का संध्याकाळी उमलतो, म्हणून कळ्या दुपारनंतर खुडायच्या आणि केळीच्या पानात बांधायच्या. ठाकूर आणि कातकरी बाया तर आजही कर्जत, मुरबाड, बदलापूर भागातून रानभाज्या, पत्री, आपटा घेऊन कल्याण-दादरला बसतात. वसईचे शेतकरी तिकडच्या लोकलने मोगरा, चाफा घेऊन दादर गाठतात. मुंबईच्या भोवतीच्या या पट्ट्यानेच शहराच्या देवघरात कित्येक पिढ्या फूल पोचवलं.

पण गाडी आणि नंतर रस्ता दोन्हीकडून चालतो. जे अंतर आपल्या पाटीला जवळ झालं, तेच दुसऱ्यालाही जवळ झालं. माळशेज घाट उतरून जुन्नरकडचा झेंडू ट्रकने कल्याणच्या बाजार समितीत यायला लागला. तिकडे हवा कोरडी, जमीन निचऱ्याची. आपल्याकडे ऑगस्टच्या पावसात झेंडूच्या कळ्या सडतात, पानावर करपा येतो. भावात आणि दर्जात आपला टिकाव लागला नाही. यात कुणाचा दोष नाही. आपण मात्र सोबतचा तेरडा, कुरडू, सोनटक्का पण सोडून दिला, आणि तो जुन्नरकडून येणार नव्हता.

बारमाही फूल आणि हिरवी वीट

सजावटीच्या धंद्यात खरा बदल आणखी एका वस्तूने झाला. सजावटवाल्यांकडची हिरवी, पाणी पिणारी वीट पाहिली असेल, जिच्यात देठ खोचतात. अमेरिकेत व्हर्नन स्मिदर्स यांनी १९५४ मध्ये ती बाजारात आणली. ओअॅसिस या नावानेच लोक तिला ओळखतात. या विटेमुळे कुठलंही फूल कुठल्याही आकारात उभं करता येऊ लागलं. पण वीट म्हणजे प्लास्टिकचाच प्रकार. चुरा होतो, कुजत नाही. हार, वेणी, गजरा, तोरण, मुंडावळ्या यांना अशी वीट कधी लागलीच नाही. सुतळी, केळीचा सोप आणि सुई-दोरा एवढ्यावर काम.

पुढे आपल्याकडेही हरितगृहं आली. तळेगाव-मावळचा गुलाब व्हॅलेंटाइन डेसाठी परदेशात जातो, जरबेरा बारा महिने मिळतो, थायलंडचं ऑर्किड मुंबईच्या लग्नात दिसतं. ग्राहकाला सवय लागली की जे फूल फोटोत पाहिलं ते पाहिजे त्या तारखेला मिळालंच पाहिजे. शेतकऱ्याला "तुझ्याकडे आत्ता काय आहे?" हे विचारणंच बंद झालं. आणि शेवटी आलं प्लास्टिकचं फूल, ज्याला महिना लागतच नाही. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात कृत्रिम फुलांवर बंदीचा विषय विधानसभेत आला, तो फूल उत्पादकांच्या तक्रारींमुळेच.

परत बांधाकडे

मला वाटायचं हे रानफुलांचं खूळ नवं आहे. तसं नाही. लंडनमध्ये कॉन्स्टन्स स्प्राय नावाच्या बाईंनी १९२९ मध्ये सजावटीचं दुकान काढलं. श्रीमंतांच्या घरी त्या कुंपणाच्या वेली, वाळलेली बोंडं, कोबीवर्गातल्या भाज्यांची पानं ठेवायच्या. १९५३ मध्ये राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकाच्या सजावटीचं काम त्यांच्याकडे होतं. अमेरिकेत डेब्रा प्रिन्झिंग यांनी २०१३ मध्ये 'स्लो फ्लॉवर्स' हे पुस्तक लिहिलं. त्यात स्थानिक, हंगामी फुलांनीच वर्षभर काम करायचं असा आग्रह आहे. इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२१ पासून आपल्या प्रदर्शनांत ती हिरवी वीट बंद केली. म्हणजे आमच्याकडे आलेली ताई एकटी नाही. मागणी हळूहळू फिरते आहे.

आणि आपल्या बाबतीत गिऱ्हाईक दादरपर्यंत जायचीही गरज नाही. २०११ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या पावणेदोन लाख होती. त्यानंतर किती इमारती उभ्या राहिल्या ते तुम्ही बघताच. आपल्याच खाचरांवर राहायला आलेल्या या घरांत गणपती बसतो, गौर येते, मार्गशीर्षातले गुरुवार होतात. बाजार चालत आपल्या दारात आला, आणि नेमका तेव्हा आपला बांध रिकामा. माझी खंत ती आहे.

यंदा काय केलं

आता कामाचं. ताईला मी दिवाळीनंतर फोन केला. झालं ते सांगितलं. म्हटलं, तुमच्या यादीवर मी फूल देऊ शकत नाही. माझ्या यादीवर तुम्ही काम कराल का? ती लगेच हो म्हणाली. मग आम्ही दोघांनी बसून महिन्यांचं टिपण केलं:

आषाढ-श्रावण: आघाडा, दुर्वा, केवड्याची पानं.
भाद्रपद: तेरडा, सोनटक्का.
आश्विन: कुरडू, झेंडू, भाताच्या लोंब्या.
मार्गशीर्ष-पौष: शेवंती, कुंद, वाळवलेला कुरडू.
फाल्गुन: पळस, तोही गळलेला वेचून.
चैत्र-वैशाख: मोगरा, कुड्याची फुलं.

यातल्या काही नोंदी तुम्हाला उपयोगी पडतील.

एक, सण चंद्रावर चालतो आणि पीक सूर्यावर. दसरा २०२३ मध्ये २४ ऑक्टोबरला होता, २०२४ मध्ये १२ ला, २०२५ मध्ये २ ला. यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे तो २० ऑक्टोबरला आहे. गेल्या वर्षीच्या तारखेने लावणी केली तर फूल अठरा दिवस आधी येऊन बसेल. झेंडू लावणीनंतर साधारण दोन महिन्यांत फुलावर येतो, त्यामुळे यंदा माझी लावणी ऑगस्टच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. वरकसावर, उंच गादीवाफ्यात, पाणी निघून जाईल असं. शेंडा खुडला की फुटवे वाढतात पण बहर पुढे जातो, ते धरून चालायचं. करायचा तो पाच गुंठेच. जुन्नरच्या ट्रकशी माझी स्पर्धा नाही.

दोन, भाताच्या लोंब्या दूध भरून चिकाच्या पुढे गेल्या की कापायच्या. पूर्ण पिकल्या तर दाणे झडतात, फार कोवळ्या घेतल्या तर सुकून वाकतात. बांधालगतच्या दोन ओळी त्यासाठी ठेवल्यात.

तीन, कळलावी यादीतून मी स्वतः काढली. सगळी वनस्पती विषारी आहे, कंद तर फारच. जेवणाच्या टेबलावर, लहान मुलांच्या हाताशी ती नको. शिवाय आमच्या टेकडीवर आता तिच्या मोजक्याच वेली आहेत. त्या तिथेच असू देत.

चार, माझ्याकडे जे नाही ते मी ठाकूरवाडीतल्या मावशींकडून घेतो, पण माझ्या नावाने विकत नाही. ताई त्यांना थेट पैसे देते. आपण मध्ये बसून भाव पाडला तर ज्यांनी ही पाटी इतकी वर्षं चालू ठेवली त्यांच्याच पोटावर पाय येईल. आणि एका जागेवरचा निम्मा तेरडा उभा ठेवायचा, हे ठरलेलं आहे. ते मावशींना सांगावं लागलं नाही, त्यांनीच मला सांगितलं.

तेरड्याचं बी पण त्यांनीच दिलं. गेल्या आश्विनात त्यांच्यासोबत जाऊन गोळा केलं. बोंड पिवळसर झालं की बोट लावताच फुटून बी उडतं, म्हणून खाली फडकं धरायचं. मूठभर बी कापडात बांधून चुलीपासून लांब टांगून ठेवलं. यंदा पहिल्या पावसानंतर आजीच्या त्याच टोकाला आणि पुढच्या पन्नास फूट बांधावर टाकलं. तणनाशक बांधावर बंद. बेणणी हाताने, दोनदा. त्याला चार मजूर-दिवस जास्त लागले. तो खर्च फुलातून निघेल की नाही, ते आत्ता सांगत नाही. पैसे हातात आले की हिशोब इथेच मांडेन, तोट्यात गेलो तरी.

सध्या रोपं चार-सहा पानांवर आहेत. दाट उगवली तिथे विरळणी करून मधल्या उघड्या जागेत लावली. गोगलगायींनी थोडी खाल्ली, राखेची रेघ मारली आहे. गणपती १४ सप्टेंबरला आहेत. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, पण त्या तीन दिवसांसाठी जूनपासून बांध राखावा लागतो.

काल संध्याकाळी आई काठी टेकत बांधापर्यंत आली. रोपं बघितली. म्हणाली, "त्या टोकाची उपटू नको."

तुमच्या भागात गौर कशाची असते आणि ते रोप अजून बांधावर आहे का, तेवढं गावाच्या नावासकट कळवा. कुणाकडे जुन्या गुलाबी तेरड्याचं बी जास्त असेल तर तेही सांगा. बदल्यात कुरडूचं देईन.